बाळ्या, मोअर भंगारात घालू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
3 एप्रिल

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही, आणि आता लिहितोय ते गवत कापायच्या मशीनसाठी. शिव्या भेटल्यावर एकदम दे. इकडे सगळं ठीक, माझा गुडघा आहे तसाच.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दोरी ओढली की मशीन धडधडतं, चार-पाच सेकंद चालतं आणि गप्प होतं. लगेच तुझा निकाल: "खलास झालंय, नवीन घेतो." स्कूटर बंद पडली की विकायला निघणारा माणूस तू, नवल नाही. पण ते इंजिन धडधाकट आहे रे. प्राइमरचा रबरी फुगा दाबून आत गेलेलं पेट्रोल पुरतं तोवर ते चालतं. म्हणजे ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, फक्त पुढचं पेट्रोल येत नाही. कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय. आपला भाऊ मेकॅनिक हे जागचा न उठता सांगायचा.

त्या घराच्या आधीच्या मालकाने थंडीपूर्वी टाकी पेट्रोलसकट तशीच ठेवली असणार. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी वाढलं की दोन्ही मिळून तळाला बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी निघते तळातूनच. वर पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राप राहतो. मेन जेट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी तोटी, तिचं भोक केसाएवढं, त्यात तो राप बसला की दोरी ओढून खांदा निखळेल, बाकी काही होणार नाही. स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवायचं औषध, घातलं नसेल तर महिन्याभरात पेट्रोल जुनं झालं असं समज. आणि 15 टक्के इथेनॉलवालं दोन पैसे स्वस्त मिळतं म्हणून आणू नकोस. छोट्या इंजिनात ते घालायला मनाईच आहे.

कशालाही हात लावण्याआधी स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला अडकव. ब्लेड थेट क्रँकशाफ्टवर बसलेलं असतं. ते हाताने फिरवलं की इंजिन फिरतं, आणि थेंबभर पेट्रोलवरही एखादा ठोका पडू शकतो. बोटं परत उगवत नाहीत.

मग टाकी रिकामी कर. हातपंप वापर, तोंडाने नळी ओढू नकोस. पानशेतच्या सहलीनंतर तुला हे सांगावं लागू नये. जुनं पेट्रोल गटारात ओतू नकोस, काउंटी (म्हणजे जिल्हा प्रशासन) ते गोळा करून घेते. कार्ब्युरेटरखाली वाटी असते, एका बोल्टवर धरलेली, बहुतेक 10 मिलिमीटर किंवा अर्ध्या इंचाचा पाना लागतो. नळी चिमट्याने दाबून, खाली डबा धरून तो सोड. तळाला पाण्याचे गोळे किंवा हिरवट-पांढरी पूड दिसली तर रोग सापडला. काही मॉडेलांत तो बोल्टच जेट असतो. त्याला बाजूने बारीक भोक दिसेल. कार्ब्युरेटर क्लीनर मार आणि वायरीतली तांब्याची एकच तार त्यातून फिरव. ड्रिलचं टोक घालायचं नाही, भोक मोठं झालं की मशीन काळा धूर सोडत राहील. वाटीचं रबरी वॉशर ताणू नकोस, एकदा फुगलं की परत बसत नाही.

तिथेच फ्लोटची सुईही बघ, वाटी भरली की पेट्रोल बंद करते ती. ती अडकली असेल तर पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घे. पेट्रोलचा वास येत असेल, किंवा पातळी खुणेच्या वर असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय दोरीला हात नाही.

ऑइल एसएई 30 किंवा 10डब्ल्यू-30, साधारण 15 ते 20 औंस. आणि ऐक, हे फोर-स्ट्रोक आहे! पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळायचं नाही. "थोडं घातलं तर बिघडतं काय" हा वाद तू हॉस्टेलवरही हरला होतास.

मशीन आडवं करताना एअर फिल्टरची बाजू वर. स्कूटर तिरकी करून सुरू करायची तुझी जुनी सवय इथे केलीस तर ऑइल फिल्टरमध्ये जाईल आणि शेजाऱ्यांना पांढऱ्या धुराचा कार्यक्रम.

प्लग नवा घाल, गॅप बहुतेक मशीनांना 0.030 इंच. आधी हाताने आटे बसव, मग पान्याने अर्धा फेर. कागदी फिल्टर झटक, कॉम्प्रेसरने फुंकू नकोस.

ब्लेड मात्र मन लावून कर. लाकडाच्या ठोकळ्याने ते अडकव, खालच्या बाजूला खडूची खूण कर, नाहीतर उलटं बसवशील आणि ते गवत कापण्याऐवजी झोडपेल. मूळ उताराला धरून, साधारण 30 अंशात, दोन्ही टोकांना सारखी कानस मार. वस्तऱ्याची धार नको, पहिल्याच खड्याला दुमडते. मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून बघ. जे टोक खाली जातं ते अजून घास. असमतोल ब्लेडने मशीन थरथरतं आणि बेअरिंग खातं. बोथट ब्लेडचं गवत दुसऱ्या दिवशी टोकांना पांढरं पडतं. दोरी हातातून उलटी हिसकत असेल तर मालकाने ब्लेड कुठेतरी मुळाला मारलंय, फ्लायव्हीलची चावी, म्हणजे इंजिनाचं जड चाक शाफ्टवर जागेवर धरणारी छोटी पट्टी, तुटली असेल. ते मला कळव.

हँडलची दांडी सोडली की ब्लेड 3 सेकंदांत थांबायला हवं, 1982 पासून इथे तसा नियम आहे. ती दांडी दोरीने बांधून ठेवायची नाही. हो, तुलाच सांगतोय.

पहिली कापणी जमीन वाळल्यावर, उंची 3 इंच, आणि एका वेळी पात्याचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग नाही.

वहिनींची बदली झाली का? ओंकारचं कॉलेज ठरलं का? आईंना नमस्कार सांग.

दुकानातल्या नव्या मशीनची पावती फाडली नसशील तर थांब. आधी वाटी उघड आणि त्या बोल्टचा फोटो पाठव, भोक आहे का बघू.

तुझा,
दाद्या