आई, चपाती खायला लाग

ती. आण्णा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

काल आण्णांचा फोन आला. पाऊसपाणी, हरभऱ्याची पेरणी सगळं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "तुझ्या आईनं दिवाळीपासून गहू सोडलाय. लेकीला चालत नाही ते माझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणती." आई, तुझी माया कळते गं, पण हे आजच्या आज थांबव आणि चपाती खायला लाग. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. आण्णा, तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

मला जे निघालंय त्याला सिलिअ‍ॅक म्हणतात. ते पोटाची उष्णता नाही, ॲलर्जीही नाही. गव्हाच्या कणकेला चिकटपणा देतं ते ग्लुटेन. जवातही त्याच जातीचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याला आतून बारीक लव असते, तिच्यातून अन्न अंगी लागतं. ती लवच झडून सपाट होते. मग लोहाच्या गोळ्या कितीही गिळा, रक्त वाढत नाही. माझं हिमोग्लोबिन आठाच्या वर का सरकत नव्हतं, ते असं कळलं. यावर औषध नाही. गहू सोडायचा, तो जन्मभर.

आणि हे सख्ख्या नात्यात चालतं. आईबाप, भावंडं, लेकरं यांच्यात दहातल्या साधारण एकाला निघतं. आमच्या दोन्ही पोरांचं रक्त तपासलं, सध्या तरी काही नाही. राहिलात तुम्ही दोघं आणि दादा. आई, रक्तवाढीच्या गोळ्या तूही वर्षानुवर्षं खातेस. मागच्या साली अंगणात नुसती घसरलीस तर मनगट मोडलं. अन्न अंगी लागलं नाही की हाडंही ठिसूळ होतात, म्हणून मला शंका येते. खात्री नाही, पण शंका आहे.

आता खरी गोम. ही रक्ततपासणी गहू खाणाऱ्या माणसाचीच करायची असते. गहू बंद केला की रक्तातला आकडा हळूहळू खाली येतो, आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येतो. म्हणून ज्यानं गहू सोडलाय त्यानं आधी निदान सहा आठवडे रोज, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा गव्हाचं खावं, मगच रक्त द्यावं. फारच त्रास झाला तर मात्र लगेच कळव, डॉक्टरांशी बोलू. चिठ्ठीवर दोन नावं लिहून ठेवा: टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए. दुसरी यासाठी, की काहींच्या अंगात आयजीए, म्हणजे रक्तातलं एक संरक्षक प्रथिन, मुळातच कमी असतं आणि मग पहिली तपासणी फसवते.

माझी काळजी करू नका. आपल्या भागात जन्मले हे नशीबच म्हणायचं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, भगर, राजगिरा, सगळं चालतं. एकादशीच्या दिवशी तर मी बिनधास्त असते, त्या दिवशी सगळं गाव माझ्यासारखंच खातं.

गोची होते ती दळणात. इथं संभाजीनगरला गिरणीत दिवसभर गहूच चालतो, मध्येच माझी ज्वारी. दगडात अडकलेलं गव्हाचं पीठ सरळ माझ्या डब्यात. गिरणीवाल्याला म्हटलं तर म्हणे, "ताई, कणभर गव्हानं काय होतंय?" पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागं २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. म्हणजे चिमूटसुद्धा जास्तच. शेवटी घरघंटी घेतली, तिच्यात गहू पडू देत नाही. चाळणी वेगळी, परात वेगळी. लाकडी काठवट कितीही घासली तरी भेगेत पीठ राहतं, ती काढूनच टाकली.

बाकी गहू कुठं कुठं दडलेला असतो ते बघून मी थक्क झाले. बाजारच्या हिंगाच्या डबीत बऱ्याचदा मैदा असतो. मेतकुटात गहू, भाजणीत गहू. कुरडया, शेवया, सातूचं पीठ तर विचारूच नका.

येसराचं, आपल्या आमटीच्या भाजक्या पिठाचं, मात्र जिवाला लागलं. तू दिलेला डबा उघडला, वास घेतला आणि शेजारच्या काकूंना देऊन टाकला. तुझ्या येसरात भाजलेला गहू असतो, त्याचाच तो खमंगपणा. मी इथं बाजरी, हरभऱ्याची डाळ, थोडे तांदूळ, धने आणि खोबरं भाजून करून पाहिलं. आमटी दाट होते, तर्रीही येते, पण तो वास येत नाही. बाजरी जास्त भाजावी की ज्वारी घालावी? हे तुलाच जमेल.

लोकांचं काय सांगू! सत्यनारायणाला एका घरी शिऱ्याचा द्रोण कपाळाला लावून बाजूला ठेवला, तर यजमानीणबाईंचा चेहराच पडला. "प्रसादानं कधी बाधतं का?" आता मी आधीच केळं मागून घेते.

आण्णा, तुम्ही विचारलंत, आमच्या वेळी हे कुठं होतं? अहो, तुमच्या वेळी चपाती सणाला नाहीतर पाहुण्याला. ७२ च्या दुष्काळात तर मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाऊन दिवस काढले, हे तुम्हीच सांगता. आजार जुनाच आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना. तेव्हा हा आजार असलेली लेकरं उलट सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. विलेम डिके या लेकरांच्या डॉक्टरांचा गव्हावर आधीपासून संशय होता, तो पक्का झाला.

येळवशीला, वेळा अमावास्येच्या शेतातल्या पूजेला, आम्ही सगळे येतोय. तोवर आईचे सहा आठवडे भरतात. दुसऱ्याच दिवशी लातूरला जाऊन तुम्हा दोघांचं रक्त देऊ, दादालाही बरोबर घेऊ. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे मला सगळं चालतं, फक्त पीठ मी इथून आणते. गव्हाची खीर आणि तिळाच्या पोळ्या माझ्यापायी बंद करू नका. खिरीतला डाव भज्जीत बुडवायचा नाही, एवढंच वहिनीला सांगून ठेवा. कोपीत पांडवांची पूजा झाली की आत्याबाई आग्रहानं खीर वाढायला येतीलच. आण्णा, पंगतीला तुम्ही माझ्या शेजारी बसा. मी नको म्हटलेलं त्या ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात.

तुमची,
सुमी