अर्जातल्या त्या एका रकान्याविषयी

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे काय लिहावे, असे तू परवा फोनवर विचारलेस आणि मी काही बोलायच्या आत घंटा झाली म्हणून फोन ठेवलास. तेव्हापासून वेस अँडरसनचा १९९८ सालचा ‘रशमोर’ हा चित्रपट माझ्या मनात घोळतो आहे. पूर्वी मी तो फिल्म सोसायटीत पाहिला होता.

त्यातला मॅक्स फिशर हा पंधरा वर्षांचा मुलगा, तुझ्यासारखाच, एका नामांकित खाजगी शाळेत शिष्यवृत्तीवर शिकतो. मधमाशीपालनापासून तलवारबाजीपर्यंत शाळेतल्या असंख्य मंडळांत तो पुढे असतो, नाटके लिहून बसवतो, आणि अभ्यासात मात्र सपशेल मागे असतो. ज्या शिक्षिकेवर त्याचा जीव जडलेला असतो, तिच्यासाठी तो परवानगी न घेताच शाळेच्या बेसबॉलच्या मैदानावर मत्स्यालय बांधायला घेतो आणि शाळेतून काढला जातो. अँडरसनने हे चित्रीकरण ह्यूस्टनमधल्या सेंट जॉन्स या शाळेत केले, जिथे तो स्वतः शिकला होता. त्या वास्तूविषयीची त्याची माया मला प्रत्येक चौकटीत जाणवते.

पण मला सांगायचे आहे ते मॅक्सच्या वडिलांविषयी. बर्ट फिशर यांचे केस कापण्याचे दुकान आहे आणि मॅक्स मात्र ते मेंदूचे शल्यविशारद असल्याचे सांगत फिरतो. पुढे, बरेच काही गमावल्यानंतर, तो ब्लूम या धनाढ्य कारखानदाराला त्या दुकानात घेऊन जातो आणि वडिलांची ओळख करून देतो. ब्लूमची भूमिका बिल मरे यांनी केली आहे. सगळे त्याच्या ध्यानात येते, ते आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर दिसते. पण तो मुलाचे खोटे उघडे पाडत नाही. इतका मोठा उलगडा, पण दिग्दर्शकाने तो दोनचार शब्दांत आटोपला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सर्वांत सुंदर प्रसंग तोच आहे. बर्टही मुलाला कधी त्या खोट्याचा जाब विचारत नाहीत. चित्रपट इतका विनोदी असूनही त्यांच्या धंद्याला कुठेही हसत नाही, म्हणूनच मला तो इतका मोलाचा वाटतो.

निनाद, तुझ्या वर्गात डॉक्टरांची आणि बिल्डरांची मुले आहेत, आणि तुला त्यांच्यात वावरताना काय वाटत असेल हे मी समजू शकतो. तरी त्या रकान्यात ‘उद्योजक’ वगैरे लिहू नकोस, ‘पिठाची गिरणी’ असेच लिही. तुझ्या आजोबांनी घातलेली ही गिरणी मी नाइलाजाने नव्हे, आवडीने चालवतो. बाजरीचे पीठ किती बारीक हवे हे गिऱ्हाइकाने सांगण्याआधी मला कळते, याचा मला अभिमान आहे.

अर्ज वेळेत भर, उत्पन्नाचा दाखला कुरियरने पाठवला आहे. दिवाळीला आलास की हा चित्रपट आपण तिघे मिळून पाहू. तुझ्या आईने तो अजून पाहिलेला नाही.

तुझे,
बाबा