शॉर्टकट म्हणालीस म्हणून

नाशिक,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सखे,

परवा तू फोनवर म्हणालीस, "आमच्या जावेने वजनाचं ऑपरेशन करायचं मनावर घेतलंय. तूच तिला समजाव गं, असला शॉर्टकट बरा नाही." मी ड्युटीवर होते, "बघू" म्हणून फोन ठेवला. पण तो शब्द डोक्यातून जाईना. सात वर्षं मी याच पेशंटांची सिस्टर आहे. तुझ्यापाशी नाही बोलणार तर कोणापाशी?

ऑपरेशन करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे साधारण बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३७.५ च्या पुढे, किंवा शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असं काही सोबत असेल तर ३२.५ च्या पुढे सल्ला देतात. पाच फूट तीन इंचांच्या बाईला ३७.५ म्हणजे साधारण ९६ किलो. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा अधिकच काढतात, उरते केळ्याएवढी नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकही मंदावते. सर्जनचं काम दोन-तीन तासांत आटोपतं. बाकीचं आमच्याकडे येतं.

आमच्याकडे म्हणजे कोणाकडे, ते सांगते. वॉर्डातल्या मावशींनी एकदा पाहिलं, एक बाई गाऊन मागून उघडा राहतो म्हणून बाथरूमलाही जायला तयार नव्हती. मावशींनी दोन गाऊन उसवून एक मोठा शिवला. कोणी सांगितलं नव्हतं. आता असे सहा गाऊन कपाटात असतात. बीपीचा रुंद पट्टा, बिनहाताच्या खुर्च्या हे सगळं असंच एकेक करून आलं. वजनकाटा आधी पॅसेजमध्ये होता आणि आकडा मोठ्याने सांगायची पद्धत होती. मीही सांगायचे. एका कॉलेजच्या मुलीने तेव्हा डोळे मिटून घेतलेले मला अजून दिसतात. आता काटा आतल्या खोलीत आहे आणि आकडा थेट फाइलीत जातो.

ऑपरेशनच्या संध्याकाळीच पेशंटला उठवून चालवावं लागतं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती. सलाइनचा स्टँड एका हातात, पेशंटचा हात दुसऱ्या हातात, असं आमचे वॉर्डबॉय मामा त्यांना पॅसेजभर फिरवतात. फिजिओच्या मॅडम तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास आत ओढायला लावतात, फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून. पाणी औषधाच्या इवल्या कपातून, ३० मिलि, घोटघोट. मी घड्याळ लावून शेजारी बसते. नाडी उगाच वाढली, ताप आला, खांदा दुखू लागला, तर टाका गळत नाही ना हे बघायला रात्री दोनलाही डॉक्टरांना उठवायचं.

आणि मग घर! खरी कसोटी तिथे. ऑपरेशनआधी दोन आठवडे लिव्हर आकसावं म्हणून पातळ आहार, नंतरही पातळ, मग मऊ, मग हळूहळू घरचं. आमच्या डाएटिशियन मॅडम पेशंटच्या सासूशी वेगळं बोलतात, कारण स्वयंपाकघर तिच्या हातात. "वरण खातेय की, प्रोटीन मिळतंच" असं प्रत्येक जण म्हणतो. एका वाटी वरणात सहा-सात ग्रॅम, आणि दिवसाला हवं किमान ६० ग्रॅम. मग पनीर, अंडी, पावडर. निफाडकडच्या एक बाई नवरात्रात नऊ दिवस उपास करून वणीला पायी जायच्या. मॅडमनी त्यांना नको म्हटलं नाही. साबुदाण्याऐवजी दही, पनीर, दूध असं उपासाचंच ताट मांडून दिलं आणि वणीला त्या वर्षी बसने जा म्हणून हात धरून विनवलं. गेल्या बसने.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात. तेव्हा रडत फोन येतात. बहुतेकांचे परत येतात, पण हे ऐकायला कोणीतरी पलीकडे हवं ना.

आता जे तुला सांगायला जीभ अडते, तेही सांगते. चौथ्या वर्षी आमचे एक पेशंट होते, सातपूरला कंपनीत शिफ्टवर. ऑपरेशननंतर महिन्याभराने मी फोन केला, उचलला नाही. परत केला, नाही. वहीत "फोन उचलला नाही" लिहिलं आणि पुढच्या नावाकडे वळले. दोन आठवड्यांनी बायकोने त्यांना आणलं, पाय बधिर, चालताना तोल जात होता. रोज उलट्या होत होत्या, जीवनसत्त्वांच्या गोळ्या बंद होत्या, आणि "वजन उतरतंय ना, मग ठीकच आहे" असं घरात सगळ्यांना वाटत होतं. बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो, तो संपला होता, म्हणून पाय असे झाले. डॉक्टरांनी ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१ चं इंजेक्शन दिलं. नीट चालायला त्यांना पाच महिने लागले. ते माझ्यावर एका शब्दानेही रागावले नाहीत, म्हणून जास्तच लागलं.

तेव्हापासून वहीत दुसरा नंबरही असतो, बायकोचा, भावाचा, शेजाऱ्याचा. दोनदा फोन नाही उचलला तर तिसरा तिकडे. कॅल्शियम, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरल्या वेळी रक्ततपासण्या आयुष्यभर चालतात. पण दीड-दोन वर्षांनी माणूस बारीक दिसतो, लोक कौतुक करतात, आणि तो आमच्याकडे यायचा थांबतो. त्याला पुन्हा बोलावणं हेच माझं सगळ्यात मोठं काम. याला तू शॉर्टकट म्हणालीस, सखे!

जावेला समजवायचं म्हणजे मी एवढंच समजावीन, जिथे ऑपरेशन करशील तिथे आधी विचार, नंतर फोन कोण करणार? त्या बाईला भेट. उत्तर नीट मिळालं नाही तर उठून ये.

आणि माझ्याकडे यायचं असेल तर मंगळवारी या, त्या दिवशी डाएटिशियन मॅडमही असतात. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि तिच्या नवऱ्याला सोबत आणा, तो मागे राहायला नको. मुक्काम माझ्याकडेच. आल्यावर तिच्या वजनाबद्दल तू मात्र काही बोलू नकोस.

तुझीच,
हॉस्टेलची रूममेट