व्हिडिओ गेम कसे घडले, याचाही दप्तरी पुरावा राहू द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सांस्कृतिक कार्य व माहिती तंत्रज्ञान,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी राज्याने २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केले, याचे नाशिकमध्ये गेम डिझाइन शिकवणारा शिक्षक या नात्याने मी मनापासून स्वागत करतो. गेम तयार व्हावेत म्हणून सवलती देताना ते कसे तयार झाले याची कागदपत्रेही राज्याने जपावीत, एवढीच माझी विनंती आहे.

माझी एक विद्यार्थिनी गोदाघाटावर बेतलेला गेम करते आहे. तिच्या चौकटीच्या वहीत रामकुंडाच्या पायऱ्या आखलेल्या आहेत. उडी किती चौकटींची असावी, हा आकडा खोडून पुन्हा पुन्हा बदललेला आहे, आणि पुराचे पाणी चढल्यावर खेळाडूला परतीची वाटच उरत नाही, म्हणून पायऱ्यांची एक अख्खी रांग लाल पेनाने काट मारून काढून टाकली आहे. तयार गेममध्ये यातले काहीही दिसणार नाही. मोठ्या स्टुडिओत अशा वहीच्या जोडीला सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ सूचना), रेखाटने, अर्धवट आवृत्त्या, ध्वनिमुद्रणे आणि चुकांच्या याद्या असतात. स्टुडिओ बंद पडला, सर्व्हरचे भाडे थकले किंवा हार्ड डिस्क बिघडली, की हे सारे जाते आणि त्याची कोणाला खबरही लागत नाही.

१९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमचा मूळ सोर्स कोड असाच वर्षानुवर्षे बेपत्ता होता. २०१२ मध्ये त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांना घरात एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि जाणकारांच्या मदतीने तो वाचता आला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून केलेल्या चित्रीकरणावरून मेकनर यांनी नायकाच्या हालचाली रेखाटल्या होत्या; ते शिकवताना आज मूळ साहित्य दाखवता येते, ते केवळ कोणीतरी जपले म्हणून. पण असे खोके प्रत्येकाच्या घरी सापडेल, या भरवशावर राज्याने राहू नये. फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्यापासून व्हिडिओ गेमही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होतात. ग्रंथालयांत प्रती जमा करण्याचा आपला १९५४ चा कायदा मात्र पुस्तके आणि वृत्तपत्रांपुरताच आहे.

हे मागणे नाशिकमधून व्हावे, यालाही कारण आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज संपूर्ण उपलब्ध नाही, आणि पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ मध्ये. मधल्या पन्नास वर्षांत जे गेले, ते परत आणण्याचा कोणताही उपाय नाही. विशेष म्हणजे, चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपटही फाळक्यांनी स्वतः केला होता. निर्मितीची प्रक्रिया जपण्याजोगी असते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

म्हणून, शासकीय अनुदान घेणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने गेम प्रकाशित झाल्यावर त्याच्या निर्मितीचे साहित्य पुराभिलेख संचालनालयाकडे जमा करावे, अशी अट धोरणाच्या अंमलबजावणीत घालावी. व्यावसायिक गुपितांची स्टुडिओंना वाटणारी काळजी रास्त आहे. त्यासाठी ठरावीक वर्षे ते साहित्य मोहोरबंद ठेवावे आणि स्वामित्वहक्क स्टुडिओकडेच राहावेत. संचालनालयात त्यासाठी संगणकीय अभिलेखांची जाण असलेली माणसे नेमावी लागतील, कारण नुसती डिस्क कपाटात ठेवणे म्हणजे जतन नव्हे: तिच्यातील मजकुराची वेळोवेळी तपासणी करून तो नव्या माध्यमावर उतरवावा लागतो, आणि तो उघडणारे सॉफ्टवेअरही सोबत सांभाळावे लागते.

या नियमांचा मसुदा करताना शिक्षक आणि लहान स्टुडिओ यांनाही चर्चेला बोलवावे. नाशिकमधून आम्ही येण्यास तयार आहोत.

आपला विश्वासू,
गेम डिझाइनचा एक शिक्षक,
नाशिक