म्हातारं नको, पण निदान सत्तावीसचं तरी दिसू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत दर पंधरा दिवसांनी ‘दहा वर्षांनी तरुण दिसा’ छापाचं काही ना काही असतंच, कधी हेअर कलर, कधी फेशियल, कधी टक्कल झाकायचे उपाय. मी इंदूरहून ई-पेपर वाचतो, आणि आमच्या घरी ती पुरवणी आई-बाबा दोघं आवडीने बघतात, त्याला माझी ना नाही. पण उलट्या बाजूच्या लोकांसाठी तुम्ही आजवर एक ओळ छापली नाही ही माझी तक्रार आहे. उलट्या बाजूचे म्हणजे माझ्यासारखे, वय सत्तावीस आणि तोंड दहावीचं.

मी भंवरकुआच्या एका कोचिंगमध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या बॅचला शिकवतो. विषय बालविकास. हसून घ्या, सगळेच हसतात. पहिल्या दिवशी गेटवरच्या गार्डने माझ्याकडे स्टुडंट कार्ड मागितलं, ते कसंबसं निभावून वर्गात गेलो तर पहिल्या बाकावरच्या एका ताईंनी, ज्यांचा मुलगा आत्ता पाचवीत आहे, फार मायेने विचारलं, “सर आने वाले हैं क्या, बेटा?” मी डस्टर उचललं तेव्हा त्यांना वाटलं मी फळा पुसायला आलोय.

आता यात चेहऱ्याचा दोष किती हे मला पुस्तकातून माहीत आहे. कॉन्राड लॉरेन्झने 1943 मध्ये मांडलं होतं की मोठं डोकं, मोठे डोळे, गुबगुबीत गाल असं दिसलं की माणसाच्या मनात आपोआप ‘याला जपा’ असं येतं, निसर्गाने लहान बाळांसाठी केलेली सोय आहे ती. नंतर लेस्ली झेब्रोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी असा चेहरा असलेल्या मोठ्या माणसांवर बरंच काम केलं, तर असे लोक प्रामाणिक आणि प्रेमळ वाटतात पण जबाबदारीच्या कामाला जरा कच्चे वाटतात. हे मी वर्गात शिकवतो आणि शिकवताना उदाहरण म्हणून स्वतःच समोर उभा असतो. गाल काही कापून घेता येत नाहीत, दाढी येते ती तुकड्यातुकड्यात, मग हातात राहिले फक्त केस.

आधी मी एका काचेच्या एसीवाल्या सलूनमध्ये गेलो, तिथे टॅबवर फोटो दाखवतात, फोटोतली सगळी पोरं एकोणीस-वीसची. मी सांगितलं की भिया मला जरा मोठं दिसायचंय, तो म्हणाला हो जाएगा सर, आणि त्याने तेच केलं जे शेजारच्या तीन खुर्च्यांवर चाललं होतं, म्हणजे कानाच्या वरपर्यंत झीरो, डोक्यावर दाट, आणि पुढची झुलपं कपाळावर. चारशे रुपये देऊन मी नववीत गेलो. बाजू साफ झाली की कान आणि गाल बाहेर येतात, कपाळ झाकलं की चेहरा आखूड होतो आणि डोळे अजून मोठे वाटतात, लॉरेन्झचं चित्रच की. मग चिडून सगळीकडे एक नंबरची मशीन फिरवली, म्हणजे 3 मिलिमीटर. ज्याचा जबडा चौकोनी आहे तो या कटमध्ये फौजी दिसतो हे खरंय, पण गोल गालांवर नुसता चेंडू होतो. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थांबवून म्हणाल्या, “मुंज कधी झाली रे, बोलावलं नाहीत ते?”

त्याच दिवशी संध्याकाळी बाबांच्या लग्नाचा अल्बम काढला. 1991 सालचा. बाबा त्यात सव्वीसचे आहेत आणि दिसतात चाळिशीच्या बँक मॅनेजरसारखे. बाबा सोडा, मागे उभा असलेला काका तेव्हा एकोणीसचा होता, तोसुद्धा दोन मुलांचा बाप वाटतो. मी भिंग घेऊन बसलो म्हणा ना. सगळ्यांचा एका बाजूला भांग, कपाळ उघडं, कल्ले अर्ध्या कानापर्यंत, बाजूचे केस कैचीने कमी केलेले पण आहेत, मशीनने उडवलेले नाहीत.

तो फोटो मोबाईलमध्ये घेऊन आमच्या गल्लीतल्या दोन खुर्च्यांच्या दुकानात गेलो, जिथे बाबा अजून जातात. तिथल्या काकांनी फोटो बघितला, माझं डोकं बघितलं आणि म्हणाले, अभी काटने को है ही क्या, दो-ढाई महीने बाद आना. बरोबरच आहे, केस महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, घाई करून काय होणार. गिऱ्हाईक परत पाठवणारा न्हावी मी पहिल्यांदा पाहिला. अडीच महिने मी टोपी घालून बालविकास शिकवला.

मग जे झालं ते जरा सविस्तर लिहितो कारण कोणाच्या तरी कामाला येईल. त्यांनी आधी भोवरा कुठल्या बाजूला फिरतो ते बघितलं आणि भांग त्याच बाजूने पाडला, भुवई जिथे सगळ्यात उंच असते त्याच्या वर. भोवऱ्याच्या उलटा भांग पाडला तर केस तासाभरात उभे राहतात म्हणे. बाजूला कंगवा धरून कैची चालवली, मशीन फक्त कानाच्या वर दोन बोटं, आधी तीन नंबर मग कडेला दोन नंबर, म्हणजे दहा आणि सहा मिलिमीटर, चामडी कुठेच दिसली नाही. वरचे केस मात्र ठेवले आणि कपाळावरून मागे आणि तिरपे घेतले म्हणजे उंची मिळाली आणि चेहरा लांबला. मग विचारलं, कलम सीधी रखूं या तिरछी? आपण ज्याला कल्ले म्हणतो त्याला इथे कलम म्हणतात. मी म्हटलं तुम्हीच सांगा, तर म्हणाले, गोल मुँह है, कोने बनाने पड़ेंगे, आणि सरळ कापले, अर्ध्या कानाशी. कपाळावर वस्तऱ्याने सरळ रेघ मारायची हल्ली फॅशन आहे ती त्यांनी मारली नाही. लहानपणी केसांची पुढची ओळ खाली आणि गोलसर असते, विशीत ती साधारण बोटभर वर सरकते आणि दोन्ही बाजूंना कोपरे उघडतात, ते कोपरेच तर वय सांगतात, ते कशाला लपवायचे. पैसे ऐंशी रुपये, तुरटीसकट.

एक धोका मात्र सांगतो, हाच कट तेल लावून चापून बसवला तर शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो तयार होतो. माझ्या आईने दुसऱ्याच दिवशी तो करून दाखवला. म्हणून केस कोरडे ठेवायचे, लागलंच तर चमक नसलेलं वॅक्स, तेही चण्याएवढं. आणि मिशीच्या भानगडीत मी पडलो होतो, विरळ मिशी ठेवून गॅदरिंगमधल्या मावळ्यासारखा दिसायला लागलो, शेवटी दोन-तीन दिवसांची खुरटी दाढी बरी पडली. माझा मित्र उंच आणि लांबट तोंडाचा आहे, त्याने माझं बघून सेम कट मारला आणि त्याचं तोंड अजून लांब झालं, त्याला वर कमी आणि बाजूला भरलेले केस हवे होते. म्हणजे फोटो दाखवून ‘असंच करा’ म्हणण्यात अर्थ नाही. मी पण फोटोच घेऊन गेलो होतो म्हणा, पण आपल्याच बापाचा, हाडं तीच.

तर संपादक महोदय, तुमच्या पुरवणीत एकदा आमच्यासाठीही अर्धं पान द्या. ज्युनिअर वकील, नवे डॉक्टर, बँकेत लागलेली पोरं, काउंटरवर बसल्यावर ज्यांना लोक ‘मोठं कोणी आहे का’ विचारतात, असे पुष्कळ आहेत. मॉडेल पंचविशीच्या पुढचे घ्या आणि एखाद्या जुन्या न्हाव्याला बोलतं करा, त्यांना हे सगळं येतं, फक्त कोणी विचारत नाही.

गार्ड आता कार्ड मागत नाही. ताई पण सर म्हणतात, अधूनमधून बेटा निघतं तोंडातून पण लगेच सावरून घेतात. नवीन भांडण घरात आहे. स्थळं बघणं सुरू झालंय आणि आईचं म्हणणं की बायोडेटाला जुना झुलपांवालाच फोटो लावू या, यात तू फार पोक्त दिसतोस. मी नवाच पाठवलाय. बाबांनी पाहिला आणि एवढंच म्हणाले, कल्ले अजून थोडे खाली चालले असते.

आपला एक वाचक,
रामबाग, इंदूर