हायमास्टचे दिवे जरा खाली वळवा

संपादक महोदय,

आमच्या जुन्नर तालुक्यातल्या गावांत हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे झगझगीत दिवे, बसल्याची बातमी आपल्या अंकात फोटोसकट वाचली. ‘गावे उजळली’ असा मथळा होता. त्यातला एक हायमास्ट आमच्या चौकात उभा आहे. मी वीज खात्यात 31 वर्षं वायरमन होतो. खांबावर चढून लोकांच्या दारात उजेड पाडण्यातच हयात गेली, त्यामुळे दिव्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. तरी हे पत्र त्या दिव्याबद्दलच आहे.

निवृत्तीच्या पैशातून मी आठ इंची आरशाची दुर्बीण घेतली. कॅमेरा मुलीने दिला. अमावास्येच्या अलीकडे-पलीकडे रात्रभर स्लॅबवर बसलेला माणूस बघून सुरुवातीला आळीत कुजबुज झाली. एकीने तर बायकोला बाजूला घेऊन गुप्तधनाचं विचारलं. आता सवय झाली आहे सगळ्यांना.

गेली दोन वर्षं मी एकाच वस्तूच्या मागे आहे. एबेल 39. शौरी तारकासमूहात, उत्तर मुकुटाच्या हद्दीला लागून असलेला हा ग्रहीय तेजोमेघ. नावात ग्रह असला तरी ग्रहाशी त्याचं काही नातं नाही. असले तेजोमेघ विल्यम हर्शेल या अठराव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञाला दुर्बिणीतून ग्रहाच्या बिंबासारखे गोल दिसले आणि तेच नाव चिकटलं. म्हातारा तारा अंगावरचा वायू भोवताली उधळतो आणि मधे उरलेला तापलेला गाभा तो वायू उजळवतो. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या फोटोप्लेटा चाळून खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एबेल यांनी 1966 मध्ये अशा 86 तेजोमेघांची यादी छापली, त्यातला हा 39वा. रुंदी चंद्राच्या साधारण बाराव्या भागाएवढी. दुर्बिणीला डोळा लावून मला तो आजवर एकदाही दिसलेला नाही. फोटोत मात्र साबणाच्या फुग्यासारखं निळसर-हिरवं कडं उमटतं, इतकं गोल की कंपासने काढल्यासारखं. गंमत म्हणजे मधला तारा बरोब्बर मधे नाही, किंचित सरकलेला आहे.

हे कडं पकडायचं म्हणजे आधी दुर्बिणीचा आस ध्रुवावर धरायचा. आमच्याकडे ध्रुव क्षितिजापासून 19 अंश वर, समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर असतो. मग एका ताऱ्यावर लक्ष ठेवून मोटर दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवत राहते आणि कॅमेरा पाच-पाच मिनिटं उघडा राहतो. करंट ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर, कारण लाइट कधी जाईल ते मलाही सांगता येत नाही. पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरी बनियन ताणून बांधायची आणि उजाडत्या आभाळाचे कोरे फोटो घ्यायचे, म्हणजे आरशाकाचांवरच्या धुळीचे डाग नंतर वजा करता येतात. बनियन धुतलेली हवी, हळदीचा डाग असला की तोही हिशोबात येतो. मागच्या वर्षी चैत्र-वैशाखात आठ रात्री जागून असे 132 फोटो जमले. 11 तासांचा उजेड एकावर एक रचला तेव्हा कडं वर आलं. फोटोत ते दोनशे ठिपके (पिक्सेल) रुंद होतं. बायको म्हणाली, “एवढ्यासाठी?” हो, एवढ्यासाठी.

यंदाही 11 तास झाले. कडं नाही. खालच्या कोपऱ्यातून वर चढत गेलेला करडा पट्टा तेवढा आहे, आणि त्या कोपऱ्याच्या दिशेला चौक आहे.

कारण साधं आहे. या तेजोमेघाचा बहुतेक उजेड ऑक्सिजनच्या 500.7 नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेत असतो, म्हणून कॅमेऱ्यापुढे तेवढाच रंग आत सोडणारी काच लावतात. जुन्या सोडियम दिव्याचा उजेड मुख्यतः पिवळा-नारिंगी, त्यातला बहुतेक सगळा ही काच बाहेरच ठेवायची. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग मिसळलेले. मला हव्या त्या रंगाचाही वाटा त्यात असतो आणि तो आभाळभर पसरून काचेतून सरळ आत येतो.

हायमास्ट मागितला कशासाठी, ते मला ठाऊक आहे. बिबट्यासाठी. उसाच्या रानाला लागून घरं आहेत आणि रात्रपाळीची लाइट असली की माणसांना अंधारातच पाणी धरायला जावं लागतं. माझा भाऊही जातो. दिवा काढा असं म्हणायची माझी छाती नाही आणि तसं मला वाटतही नाही. पण आमच्या हायमास्टचे सहाही दिवे आडवे धरल्यासारखे तिरके बसवलेत. अर्धा उजेड आभाळात, उरलेला येणाऱ्याच्या डोळ्यांत. चौकातून उसाकडे वळलेल्या माणसाला पहिली दोन-तीन मिनिटं पायाखालचंही दिसत नाही, मग बांधावरचं जनावर काय दिसणार?

नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या कडेच्या गावांत शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. तिथे तर वाघ आहेत. त्याच पेंचला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली.

काम अर्ध्या दिवसाचं आहे. विंच फिरवली की दिव्यांचं रिंगण खाली येतं, खांबावर चढायचीही गरज नाही. ब्रॅकेटचे नट सैल करायचे, तोंडं जमिनीकडे करायची, परत आवळायचं. जमलं तर सहातले तीन दिवे रात्री अकरानंतर टायमरवर टाकायचे. मी दोनदा तोंडी सांगितलं, एकदा लेखी अर्ज दिला. ‘वर कळवतो’ असं उत्तर मिळालं.

मृग लागायला तीन आठवडे आहेत. त्यात काळोख्या रात्री मोजून पाच-सहा. पाने माझे, सेफ्टी बेल्ट माझा. लाइनवरच्या माणसाने परमिट घेऊन लाइट बंद करावी आणि मदतीला दोन पोरं द्यावीत. विंचचं हँडल ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे, तेवढी किल्ली मिळावी.

– एक निवृत्त वायरमन, ता. जुन्नर, जि. पुणे