कस्टमर केअर म्हणून पहिला येणारा नंबर नक्की कोणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर काहीही बिघडलं की आजकाल सगळे मोबाईलवर कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर नंबर असं टाकतात आणि जो पहिला दिसेल त्याला फोन लावतात. तो पहिला नंबर बरेचदा कंपनीचा नसतोच. ती पैसे भरून लावलेली जाहिरात असते, वर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं पण मशीन बंद पडलेलं असताना ते कोण बघतंय, आणि काही जाहिरातींत तर थेट कॉलचंच बटण असतं, वेबसाइट उघडायचीही गरज नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींकडे असाच माणूस आला. फ्रिज वॉरंटीत होता हो! तरी पीसीबी म्हणजे आतलं सर्किट बोर्ड गेलंय सांगून रोख पैसे घेतले, पावतीवर ना कंपनीचं नाव ना जीएसटी नंबर. थोड्या दिवसांत फ्रिज परत बंद, मग खऱ्या कंपनीचा टेक्निशियन आला तो म्हणाला हा बाहेरच्याने उघडलाय, आता वॉरंटी लागू नाही. आजी पोलिसांकडे जाऊन काय सांगणार? माणूस आला, काम केलं, पैसे घेतले. अशा काही साइट्सच्या तळाशी इंग्रजीत लिहिलेलं असतं की आमचा या ब्रँडशी संबंध नाही, म्हणजे पळवाट आधीच तयार.

बँक, कुरिअर, वॉलेट यांच्या नावाचे नंबर तर अजून घातक, तिथे पाच-दहा रुपये भरा म्हणून लिंक येते किंवा आपली स्क्रीन त्यांना दिसेल असं स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावतात आणि खातं रिकामं. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

माझा राग जास्त जाहिरातींची जागा विकणाऱ्या कंपन्यांवर आहे. कोणाचा नंबर सगळ्यात वर दाखवायचा याचे ते पैसे घेतात, मग हा माणूस खरंच त्या कंपनीचा आहे का एवढं विचारायला काय जड जातं? आणि जमत नाही असंही नाही, गूगलने २०१८ मध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्रयस्थ टेक सपोर्ट जाहिरातींवर बंधनं आणलीच होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पण नेहमीच्या धंद्याच्या ओघात प्रसिद्ध केली म्हटलं की तो सुटतो. ही सूट छापील पेपरसाठी एकवेळ समजू शकते, कोणाला कुठली जाहिरात दाखवायची हे क्षणाक्षणाला ठरवणाऱ्या कंपन्यांना ती का द्यायची? कस्टमर केअर हे शब्द आणि ब्रँडचं नाव एकत्र वापरायचं असेल तर त्या ब्रँडचं लेखी पत्र दाखवल्याशिवाय जाहिरात घेऊच नये, असा नियम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने करावा.

तोवर वाचकांनी नंबर वॉरंटी कार्डावरून, बिलावरून किंवा बँकेच्या कार्डाच्या मागूनच घ्यावा. खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, बनावट सर्व्हिसवाल्याची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. आणि संपादक साहेब, तुमच्या वार्ताहराने अशा दहा-बारा जाहिरातींतले नंबर स्वतः फिरवून बघावेत आणि पलीकडून काय उत्तर मिळतं ते नावानिशी छापावं ही विनंती.

एक नियमित वाचक,
डोंबिवली